मदत हवी आहे: कोहा आणि डीस्पेसमधील नोंदी माहिती न गमावता एकत्र कशा आणाव्यात?

नमस्कार.

आमच्या ग्रंथालयाची तालिका कोहा या ग्रंथालय-व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये मार्क २१ या, क्रमांकित क्षेत्रांत नोंद लिहिण्याच्या मानक स्वरूपात आहे आणि प्रबंधांच्या डिजिटल प्रती डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. वाचकाला दोन्हींचा शोध एकाच ठिकाणी घेता यावा आणि त्याच नोंदी पुढे इतर ग्रंथालयांसोबतच्या संयुक्त तालिकेला देता याव्यात, अशी योजना आहे. ही जोडणी खुल्या मानकांवरच व्हावी असा माझा आग्रह आहे, कारण एकाच उत्पादनासाठी लिहिलेला प्रोग्राम ते उत्पादन बदलले की निकामी होतो, आणि नोंदी तर कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काळ टिकवायच्या असतात.

दोन्ही प्रणालींत ओएआय-पीएमएच या नोंदी गोळा करण्याच्या प्रोटोकॉलची सोय असल्यामुळे नोंदी गोळा करणे अवघड नाही; अडचण आहे ती स्वरूपाची. या प्रोटोकॉलने बंधनकारक केलेल्या साध्या डब्लिन कोअर या वर्णन-स्वरूपाचे घटक अवघे १५, त्यामुळे मार्कमधील बरेच काही गळते. ७०० क्षेत्रात अनुवादक म्हणून नोंदवलेली व्यक्ती पलीकडे नुसती योगदानकर्ता उरते, आणि २४५ मधील रोमन शीर्षकाचा ८८० मधील देवनागरी शीर्षकाशी असलेला दुवाही तुटतो. अनुवादकाच्या नावाने पुस्तक शोधणाऱ्या वाचकासाठी ही हानी लहान नाही.

म्हणून कोहाकडून मार्क-एक्सएमएल (मार्कचेच एक्सएमएल रूप) आणि डीस्पेसकडून मॉड्स (साध्या डब्लिन कोअरपेक्षा सविस्तर एक्सएमएल स्वरूप) घ्यावे, असे मला वाटते. आयएसओ २७०९ ची, म्हणजे मार्क नोंदींच्या देवाणघेवाणीच्या जुन्या स्वरूपाची, फाइल मी मुद्दाम टाळतो आहे. तिच्या निर्देशिकेत प्रत्येक क्षेत्राची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. बाइटऐवजी चिन्हे मोजणाऱ्या जुन्या साधनातून बाहेर पडलेल्या नोंदीत एका क्षेत्राचा मजकूर दुसऱ्यात घुसलेला मी पाहिला आहे.

हे मिश्रण प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे, की दोन स्वरूपांचा मेळ शोध-निर्देशांक तयार करताना घालावा, की त्याआधीच सर्व नोंदी एका स्वरूपात आणाव्यात? दुसरे असे, की मूळ प्रणालीतून काढून टाकलेली नोंद एकत्रित शोधातूनही जायला हवी; पण ज्या भागीदार ग्रंथालयाचा सर्व्हर काढलेल्या नोंदींची माहिती ठेवतच नाही, त्याच्या नोंदी ठरावीक काळाने पूर्णपणे नव्याने गोळा करण्यावाचून काही मार्ग आहे का? शिवाय प्रत जागेवर आहे की वाचकाकडे, हे गोळा केलेल्या नोंदीवरून खात्रीने कळत नाही, त्यामुळे ते त्या क्षणी कोहाला विचारावे लागेल. त्यासाठी एनसीआयपी (ग्रंथालय प्रणालींमध्ये देवघेवीची माहिती पाठवण्याचा मानक प्रोटोकॉल) घ्यावे की कोहातील आयएलएस-डीआय (बाहेरच्या प्रणालीला प्रतीची स्थिती विचारू देणारी सेवा) पुरेसे आहे? भागीदारांपैकी काहींकडे कोहा नाही, हे लक्षात घेऊन सुचवावे.