मदत हवी आहे: वसाहतीच्या लुटीची भरपाई मिळालीच तर सांभाळायची कुणी?

मंडळी, नमस्कार. पुतणी खानापूरला अकरावीत आहे, तिला वादविवादाला हा विषय आलाय. भरपाई द्यावी की नको यावर सगळेच बोलतील. पैसा आल्यावर पुढं काय, यावर मुद्दे हवेत.

जर्मनीनं २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या आपल्या जुन्या वसाहतीला, नामिबियाला, ३० वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायचं म्हटलं, पण बोलणी दोन सरकारांत. ज्यांच्यावर तेव्हा अत्याचार झाले त्या हेरेरो आणि नामा समाजातले बरेच जण म्हणतात, आम्हाला विचारलंच नाही. इटलीनंही २००८ मध्ये आपल्या जुन्या वसाहतीला, लिबियाला, ५ अब्ज डॉलर कबूल केले, कामं मात्र इटलीच्याच कंपन्यांनी करायची. म्हणजे या खिशातलं त्या खिशात!

आता आपलं बेळगावकडचं कित्तूर संस्थान घ्या. १८२४ ला इंग्रजांनी जिंकलं. त्याचे पैसे उद्या आले तर दिल्लीला, बेंगळुरूला की कित्तूरच्या गावांना? इथं उताऱ्यावर वारसाचं नाव चढवताना चपला झिजतात, दोनशे वर्षांपूर्वीचे वारस कोण ठरवणार?

मला वाटतं स्वतंत्र निधी करावा, मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज खर्चावं, हिशेब ग्रामसभेत वाचावा. यात खोट कुठं निघेल? विरोधी बाजू काय विचारेल तेही सांगा. स्पर्धा शनिवारी आहे.