मूल हवंय आणि तपासणी नवऱ्याची: बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

दांडियाबाजार
लग्नाला दोन वर्षं झाली की आपल्याकडे सुनेची वारी सुरू होते. गायनॅक, सोनोग्राफी, कुणाचं तरी चूर्ण, मग नरसोबाच्या वाडीचा नवस. मुलाला कुणी काही विचारत नाही. डॉक्टरांचं गणित वेगळं आहे. दिवस राहत नाहीत अशा साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणासोबत. त्याची पहिली तपासणी म्हणजे सीमेन टेस्ट, वीर्याची तपासणी. ना सुई, ना भूल. वर्षभर प्रयत्न करून काही झालं नाही (बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने) की दोघांची तपासणी एकदमच करावी, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा लिहा. बायकांनीही लिहा. काय तपासलं, काय बदललं, कशावर पैसे वाया गेले. डॉक्टरांची नावं आणि औषधांचे डोस नकोत. आयडी बदलून आलात तरी चालेल, रावपुऱ्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

माझ्यापासून सुरुवात. काऊंट (शुक्राणूंची संख्या) ठीक, मोटिलिटी (त्यांची हालचाल) ठीक, पण ‘नॉर्मल फॉर्म्स ५%’ वाचून हातपाय गळाले. शंभरातले पंचाण्णव वाकडे! डॉक्टर हसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या आवृत्तीत खालची मर्यादाच ४% आहे. बाकीचे आकडेही आपल्याला वाटतात त्याहून लहान: एकूण वीर्य १.४ मिलि, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हलणारे ४२%. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून ही रेघ आखलीये, त्यांच्यातल्या तळाच्या ५%पाशी. त्यामुळे रेघेखाली असलात तरी मूल होऊ शकतं, आणि वर असलात म्हणून हमी नाही. पानाच्या गल्ल्यावरचा तंबाखू-सुपारीचा मावा मात्र त्यांनी त्याच दिवशी बंद करायला सांगितला. तो सुटला, पण जेवणानंतर हात अजून खिशाकडे जातो.

भट्टीवाला
मकरपुरा जीआयडीसीत हीट ट्रीटमेंटला होतो. भट्टीसमोर आठ तास, त्यात आपला मे महिना. काऊंट कमी आला तेव्हा मी सगळं खापर भट्टीवर फोडलं. ते अगदीच खोटंही नव्हतं. वृषणं शरीराबाहेर असतात ती थंड राहायला, आतल्यापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं त्यांना.

पण युरॉलॉजिस्टनी उभं करून हातानं तपासलं, जोर करायला लावला आणि डावीकडे व्हेरिकोसील निघालं. म्हणजे वृषणाच्या शिरा फुगलेल्या. पायावर फुगतात तशाच. शंभरातल्या पंधरा पुरुषांना असतं म्हणे, बहुतेकांना पत्ताही नसतो आणि मुलंही होतात. त्यामुळे फक्त सोनोग्राफीत दिसलं म्हणून कापायला धावू नका. हाताला लागत असेल, रिपोर्ट खराब असेल आणि मूल हवं असेल, तर ऑपरेशनचा विचार, असं त्यांनी समजावलं. माझं तिन्ही जमत होतं. केलं.

खरा त्रास पुढे. आई रोज विचारायची, ‘काय रे, झाला का फरक?’ शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, मग पुढच्या नळीतून यायला आणखी काही दिवस. आज काही बदललं तर ते तीन महिन्यांनी रिपोर्टात दिसतं. पहिल्या तिमाहीत थोडं, दुसऱ्या तिमाहीत बरंच सुधारलं. दरम्यान क्वालिटीत बदली मागून घेतली. मुलगी आता बालवाडीत आहे. ऑपरेशनमुळे, बदलीमुळे की नुसत्या वेळेमुळे, ते मला सांगता येणार नाही.

सूक्ष्मदर्शक
मी लॅबमध्ये काम करते. अर्धे खराब रिपोर्ट नमुना नीट न दिल्यामुळे येतात, असं मला कधीकधी वाटतं. आधी दोन ते सात दिवस संबंध नको. दहा-पंधरा दिवस ‘साठवून’ आणलं की मोटिलिटी पडते. घरून आणायचं असेल तर तासाभरात पोचवा, डबी शर्टाच्या आत अंगाला लावून. एक काका बर्फाच्या पिशवीत घेऊन आले होते, आइसक्रीम आणावं तसं. साधा कंडोम, तेल, साबण, थुंकी काहीही चालत नाही. सुरुवातीचा थेंब सांडला तर लाजू नका, सांगा. सगळ्यात जास्त शुक्राणू त्याच भागात असतात. आणि एका रिपोर्टवर रडू नका. एकाच माणसाचे दोन रिपोर्ट खूप वेगळे येतात, दुसरा करूनच घ्यावा.

दहेजची बायको
आमचा प्रश्न फारच साधा होता आणि कुणी विचारलाच नाही. ह्यांचे रिपोर्ट उत्तम, माझेही. हे दहेजला केमिकल प्लांटमध्ये, शनिवारी रात्री घरी, सोमवारी पहाटे बसमध्ये. सासूबाई मला दर गुरुवारी दत्ताला पाठवायच्या.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘हे घरी असतात कधी?’ बीज सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढेच दिवस उपयोगाचे. त्यांत दिवसाआड एकत्र यायला हवं. माझे ते दिवस बहुतेक वेळा मंगळवार-बुधवारी यायचे! केमिस्टकडून ओव्युलेशनच्या पट्ट्या आणल्या, ह्यांनी त्याप्रमाणे रजा टाकायला सुरुवात केली. साहेबांना काय कारण सांगायचे ते हेच जाणोत. सासूबाईंना अजून वाटतं दत्तानंच दिलं. वाटू दे.

जुना_पैलवान
जिममध्ये ट्रेनरनं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली होती, ‘पूर्ण सेफ आहे भाई’ म्हणून. दंड फुगले, बायको खूष. मग रिपोर्ट आला: शून्य. एकही शुक्राणू नाही.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. बाहेरून हार्मोन मिळायला लागलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो वृषणांकडे जाणारे एफएसएच, एलएच हे दोन्ही संदेश बंद करतो. आतला कारखाना ठप्प. मर्दानगी वाढवायचं म्हणून घेतलेलं औषध पुरुषांच्या गर्भनिरोधकासारखं काम करतं, आणि हे जिममध्ये कुणी सांगत नाही. इंजेक्शनं बंद केली, डॉक्टरांनी दुसरी औषधं दिली. शुक्राणू परतायला बरेच महिने गेले. अंग उतरलं, चिडचिड झाली, पण परतले. काहींचे वर्ष-दोन वर्षं लागूनही पुरते परतत नाहीत. मूल हवंय आणि थकवा येतो म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉन लिहून देत असेल, तर ‘आम्ही प्रयत्न करतोय’ हे आधी सांगा. केस गळण्याच्या, पोटाच्या काही गोळ्यांचंही तसंच, चिठ्ठी दाखवून विचारा.

नवा_मेंबर
झिंकच्या गोळ्यांनी फरक पडतो का? मामेभावानं मोठा डबा पाठवलाय, वर अश्वगंधाही.

दांडियाबाजार
@नवा_मेंबर, अमेरिकेत २३७० जोडप्यांवर झालेला झिंक-फॉलिक ॲसिडचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं होण्याच्या प्रमाणात फरक नाही, पोटाच्या तक्रारी मात्र जास्त. अश्वगंधेवरचे अभ्यास लहान आहेत, यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. डबा मामेभावाला परत.

कारेलीबाग
सगळ्यांचं गोड झालंय, म्हणून लिहितो. माझं नाही झालं. शून्य काऊंट, एफएसएच खूप वाढलेलं, मग रक्ताची गुणसूत्र तपासणी: एक्स जास्तीचा, क्लाइनफेल्टर. सहाशेतल्या एखाद्या पुरुषात असतो आणि अनेकांना असाच, मूल होईना म्हणून, कळतो. वृषणातून सुईनं नाही, मायक्रोस्कोपखाली उघडून शोधलं. काहींना तिथे थोडे सापडतात आणि इक्सी होतं, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू थेट बीजात सोडतात. मला नाही सापडले. ते चूर्ण, तो आहार, ती योगासनं यांचा इथे काही उपयोग नव्हता, आणि हे आधी कळलं असतं तर बायकोच्या हार्मोनच्या सुया वाचल्या असत्या. दत्तकासाठी नोंदणी केलीये, यादी लांब आहे. बाबांना मी स्वतः सांगितलं. ते फक्त एवढंच म्हणाले, ‘सूनबाईला डॉक्टरकडे आता नका नेऊ.’

विश्वामित्री_पार
@सूक्ष्मदर्शक ताई, मला गेल्या महिन्यात डेंग्यू झाला होता, चांगला १०३ ताप. परवा टेस्ट केली, काऊंट निम्म्याहून कमी आलाय. आधीचा बरा होता. औषध सुरू करू का?

सूक्ष्मदर्शक
ताप होऊन गेला हे लॅबमध्ये सांगितलंत का? सांगितलं नसेल तर डॉक्टरांना सांगा. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिने रिपोर्ट असाच येतो. प्रयत्न सुरू ठेवा, टेस्ट दिवाळीनंतर परत करा, तोवर गोळ्या विकत आणू नका.