गोळ्या चालू तरी आईची धडधड थांबेना, अ‍ॅब्लेशन करावं का?

आई ५८ची. भांडी घासताना अचानक ठोके १९०वर जातात, गळ्याची शीर उडताना दिसते. मेटोप्रोलॉल झालं, व्हेरापामिल झालं, तरी महिन्यात दोनदा कॅज्युअल्टी. अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन दिलं की लगेच थांबतं पण त्या क्षणी तिला वाटतं जीवच गेला. आता डॉक्टर अ‍ॅब्लेशन म्हणतायत, म्हणजे धडधड करणारा हृदयातला ठिपका जाळायचा, आणि ती रडतेय की हृदय जाळणार म्हणून. कुणाचं झालंय का?

> माझं झालंय. छाती उघडत नाहीत ओ, जांघेतल्या शिरेतून बारीक वायरी आत नेतात, मुद्दाम धडधड सुरू करून शॉर्टसर्किट कुठंय ते शोधतात आणि तेवढाच ठिपका जाळतात. मी जागीच होते, छातीत जरा गरम वाटलं. पाय सरळ ठेवून पडून राहणं, तेच जास्त जड गेलं.

> कॅथलॅबमध्ये, म्हणजे हे जिथं करतात तिथं, काम करते. एव्हीएनआरटी (हृदयाच्या मधल्या गाठीपाशी शॉर्टसर्किट होऊन येणारी धडधड) असेल तर शंभरातले ९५ तरी बरे होतात. हृदयाचं मूळ वायरिंग अगदी शेजारी असल्याने क्वचित पेसमेकर लागतो, हे आधी नीट विचारून घ्या. आणि गोळ्या मनाने बंद करू नका, कधी थांबवायच्या ते डॉक्टरच सांगतील.

> ताई, आईला आत्ताच वाचून दाखवलं. विचारतेय, भूल देतील ना?

> जांघेत बधिर करतात, झोपेचं औषधही देतात बहुतेकदा. काकूंना सांगा, आम्ही शेजारीच उभ्या असतो.