काल्पनिक आराखडा: जुन्या रिसॉर्टच्या गोल्फ कोर्समध्ये रेडान होल कसं बसवावं?

प्रश्न: अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर रिसॉर्टच्या धर्तीवर (तिथला ओल्ड व्हाइट कोर्स १९१४ चा) १८ होलचा कागदी आराखडा काढतोय. एक पार-३ (तीन फटक्यांत संपवायचं), १९० यार्ड, रेडान (तिरक्या, मागे उतरत्या ग्रीनचं होल) हवंय. ग्रीनचा (खड्ड्याभोवतालच्या बारीक गवताच्या भागाचा) उतार किती ठेवू?

उत्तर १: मूळ रेडान स्कॉटलंडात, नॉर्थ बेरविकचं १५वं होल. ग्रीन हे टीच्या (पहिला फटका मारायच्या जागेच्या) रेषेला साधारण ४५ अंशांत तिरकं, पुढून उजवीकडून मागे डावीकडे उतरतं. डाव्या अंगाला खोल बंकर (वाळूचा खड्डा) हवाच. चेंडू ग्रीनच्या उजव्या उंच कडेवर टप्पा घेऊन घरंगळत पिनकडे (खड्ड्यातल्या झेंड्याकडे) जातो, सगळी गंमत त्यातच. एकूण उतार बिनधास्त दाखवा, पण पिनच्या जागा ३ टक्क्यांच्या आत ठेवा. बारीक कापलेल्या गवतावर त्याहून जास्त उतार असेल तर चेंडू थांबतच नाही.

उत्तर २: पाणीसुद्धा मागे डावीकडेच जमणार. म्हणून ग्रीनखाली निचरा दाखवा: खाली ४ इंच खडी, वर १२ इंच वाळूचं मिश्रण, ४ इंची सच्छिद्र पाइप, दोन ओळींत १५ फुटांहून जास्त अंतर नको. वाळू खडीत झिरपत असेल तर मध्ये जाड वाळूचा थर द्या.

प्रश्नकर्ता: आणि ग्रीनपुढची जागा?

उत्तर १: ती कडक हवी. तिथे चिकणमाती ओली राहिली की टप्पा मरतो आणि उरतं नुसतं तिरकं ग्रीन. तिथेही निचरा दाखवा, स्प्रिंकलर वेगळ्या व्हॉल्व्हवर घ्या.