थेस्पियन सोसायटीत लेकीची निवड: हे नेमकं काय असतं?

एडिसनची_आई
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत, लेक अकरावीत. परवा शाळेतून ईमेल आली, तिला 'इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी'त, म्हणजे शाळेत नाटक करणाऱ्या मुलांच्या संस्थेत, घेतायत. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी समारंभ, मेणबत्त्या, शपथ वगैरे. खाली फीचा आकडा. तो बघून नवऱ्याचं पहिलं वाक्य, "पैसे भरून मान?"

माझी अडचण वेगळीच आहे. ही मुलगी तीन वर्षांत एकदाही स्टेजवर दिसलेली नाही! नववीत सेट रंगवले, दहावीत प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळली, यंदा स्टेज मॅनेजर. आम्ही दर वेळी तिकीट काढून जातो आणि दोन तास दुसऱ्यांची मुलं बघून येतो. आजीला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "अगं, पण आपली कुठाय?" शेवटी पॉज करून अंधारात खुर्ची उचलणारं एक कोपर दाखवलं. प्रयोगाच्या आठवड्यात रात्री साडेदहाला आणायला जावं तर अंगात काळे कपडे, नखांत रंग, मनगटात बांगड्यांसारखी चिकटपट्टीची रिळं. गणितातला 'ए' घसरला तोही त्याच आठवड्यात. त्यावरून घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

तर, हे खरंच मानाचं आहे की प्रमाणपत्रं विकायचा धंदा? कॉलेजच्या अर्जात काही उपयोग? आणि जाताना काही न्यायचं असतं का?

सिनसिनाटीकर
धंदा नाही हो. संस्था १९२९ सालची, वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमाँटला सुरू झाली. आता ती एज्युकेशनल थिएटर असोसिएशनचा भाग आहे, ऑफिस आमच्या गावात. नाव थेस्पिस या ग्रीक नटावरून. पहिला नट तोच असं परंपरा मानते.

निवड मतांनी किंवा परीक्षकांच्या मर्जीने होत नाही, गुणांनी होते. ढोबळ हिशेब म्हणजे १० तासांचं नीट काम केलं की १ गुण, १० गुण झाले की सभासद. पुढे ६० झाले की 'ऑनर थेस्पियन'. हे तास नायकाचे जसे मोजतात तसेच दिवे लावणाऱ्याचे, कपडे शिवणाऱ्याचे आणि तिकीट खिडकीवर बसणाऱ्याचेही. तुमच्या कन्येचे शंभर तास केव्हाच उलटले असणार. बऱ्याच शाळांत पदवीदानाला गळ्यात निळा-सोनेरी गोफही घालू देतात.

दोन_मुलांचा_बाप
कॉलेजबद्दल खरं सांगतो, या एका ओळीवर कुठे प्रवेश मिळत नाही. थेस्पियन मुलं शाळाशाळांतून आहेत. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, मानसन्मानाला ५ जागा असतात, तिथे एक भरा. खरी किंमत खालच्या १० उपक्रमांमध्ये. तिथे वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं मिळतात, त्यात "सभासद" लिहून जागा वाया घालवू नका. किती मुलांचा क्रू सांभाळला, किती क्यू (दिवे, आवाज, एंट्रीचे इशारे) दिले, ते आकडे लिहायला सांगा. माझ्या थोरल्याने "नाटकाची आवड" असं लिहिलं होतं. आवड कोणाला नसते!

तिसरी_घंटा
ताई, आजींना सांगा, ते कोपर कापून फ्रेम करा.

मी पुण्यात कॉलेजकडून पुरुषोत्तम करंडकाला दोन वर्षं बॅकस्टेज केलं. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत एका कंदिलासाठी उभा असायचो. अंधार झाला की चार पावलं पुढे, कंदील खुणेवर, चार पावलं मागे. तीन महिन्यांच्या तालमीत माझं काम एवढंच, पण खूण हातभर चुकली तर नायिकेचा चेहरा काळोखात. एकदा चुकली. त्या रात्री मला कोणी चहाही विचारला नाही. पुढच्या वर्षी नाटक गाजलं, कॉलेजने सत्कार ठेवला, हार पात्रांना आणि दिग्दर्शकाला. आम्ही चौघं मागे सतरंज्या गुंडाळत होतो. तेव्हा काही वाटलं नव्हतं, आज तुमचं वाचून वाटलं. आमचे तास कोणी मोजलेच नव्हते.

जा. दोघंही जा. फीवरून वाद घालू नका.

एडिसनची_आई
सगळ्यांचे आभार. काल तिला सहज विचारलं, तास किती झाले गं? तिने वहीच काढली. तारीख, काम, वेळ, सगळं लिहिलेलं: १४६. त्यात नोव्हेंबरमधला एक शनिवार दिसला. दुसऱ्या अंकातलं पत्र ऐन वेळी सापडेना, म्हणून हिने विंगेत बसून, टॉर्च दातांत धरून, नवं लिहिलं होतं. आम्ही तेव्हा सहाव्या रांगेत होतो. पत्र वाचणाऱ्या मुलाला टाळ्या मिळाल्या, मीही वाजवल्या होत्या.

नवऱ्याने वही वाचली, काही बोलला नाही, गुरुवारची अर्धी रजा टाकली. मी पेढे करतेय. फुलं आणू का विचारलं तर म्हणाली, फुलं नकोत, काळे मोजे आण, सगळे फाटलेत.

आणि आम्हाला तासभर आधी निघायचंय. समारंभाच्या खुर्च्या तिलाच मांडायच्यात.