सुईचा गुण, की हाताचा?

निशिगंध
माझी आई ७१ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, आज ना उद्या बदलावे लागतील, तोवर गोळ्या घ्या. गोळ्यांनी पित्त उसळायचं. शेवटी ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचायचा चिनी उपचार, करणाऱ्या एका बाईंकडे नेलं.

पहिल्या दिवशी बाईंनी पाऊण तास सुईला हातही लावला नाही. झोप कशी लागते, तहान किती लागते, पाय गार पडतात का, बाबा गेल्यावर जेवण कमी झालं का, सगळं विचारलं. जीभ बघितली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली. मग सुया. एक सुई वाटीच्या चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. आई म्हणाली, "टोचल्याचं कळलंसुद्धा नाही, पण आत काहीतरी जड होऊन घोट्यापर्यंत उतरलं." दहा बैठका झाल्या. आता आई कठडा न धरता जिना उतरते.

माझा पुतण्या एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, "काकू, हे थोतांड आहे." मला ते लागलं. गुडघ्याकडे न बघता सबंध माणसाकडे बघणारी पद्धत थोतांड कशी? माझं तर मत आहे की जुनाट दुखण्यात आधी इथंच जावं, गोळ्या नंतर.

भूलवाली
निशिगंधताई, आईंना उतार पडला याचा खरंच आनंद आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. नसांच्या आजूबाजूला सुया टोचण्यातच माझी २२ वर्षं गेली, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही.

जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ साली छापून आली. एका गटाला ग्रंथात सांगितलेल्या बिंदूंवर खऱ्या सुया. दुसऱ्या गटाला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी ठरलेल्या निकषाइतका फरक पडलेले लोक पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२, तिसऱ्यात २७.४.

पहिले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सुई कुठं टोचली याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. मग त्या चौदा वाहिन्या, ३६१ बिंदू, त्यातून वाहणारी 'ची' म्हणजे प्राणशक्ती, यांचं काय करायचं? शरीर उघडल्यावर नस दिसते, रक्तवाहिनी दिसते. 'ची'ची वाहिनी आजवर कुणाला दिसलेली नाही.

तिसरा आकडा कमी आहे हे मी लपवत नाही. पण त्या गटाला आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे माहीत होतं. सुयांच्या आशेने आलेला माणूस हिरमुसला की त्याचं दुखणंही हिरमुसतं.

ग्वांगझौकर
मी नऊ वर्षं चीनमधल्या ग्वांगझौला काढली, मशीनच्या सुट्या भागांच्या धंद्यात. खांदा आखडला तेव्हा तिथल्या चिनी औषधांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. निशिगंध, तुमच्या बाईंनी दिलेला पाऊण तास मला कुणी दिला नाही. नंबर लावला, छोट्या उशीवर मनगट ठेवलं, डॉक्टरांनी नाडी धरली, जीभ बघितली, चार प्रश्न विचारले आणि पाचव्या मिनिटाला पुढचा नंबर. सुया लावणारा वेगळा. त्याच इमारतीत एमआरआयही होता. 'सबंध माणसाकडे बघणं' ही चिनी सुईची मक्तेदारी नाही, तो तुमच्या बाईंचा स्वभाव आहे. आपल्याकडे त्यालाच हाताला गुण असणं म्हणतात.

आणखी एक. ही विद्या दोन हजार वर्षं अखंड, एकमताने चालत आली असं आपल्याला वाटतं. १८२२ साली चीनच्या सम्राटानेच राजवैद्यांच्या संस्थेतून सुया बंद केल्या. १९२९ मध्ये तिथल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांनी चिनी वैद्यकच मोडीत काढायचा ठराव आणला, त्यावर वैद्य रस्त्यावर उतरले. माओच्या सरकारने १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि छंगदू इथं चार महाविद्यालयं काढली, तिथून आजची ठाकठीक पाठ्यपुस्तकी पद्धत घडत गेली. म्हणजे हा वाद त्यांच्या घरातच जुना आहे.

तरीही डॉक्टर, तुमचं सगळं पटत नाही. इसवी सन १०२७ च्या सुमारास सोंग राजवटीत वांग वेइयी यांनी माणसाएवढे ब्राँझचे पुतळे घडवले. प्रत्येक बिंदूला भोक, वरून मेणाचा थर, आत पाणी. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याने नेमकी जागा साधली तरच सुईवाटे पाणी बाहेर येई. जागेला काहीच अर्थ नसता तर इतकी मेहनत कोण घेईल? आणि तुमच्याच खात्यातलं सांगा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूचा नेइगुआन बिंदू दाबतात की नाही?

भूलवाली
दाबतात. मीही दाबते. त्या एका बिंदूवरच्या ५९ चाचण्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल) एकत्र केल्या आहेत आणि खोट्या उपचारापेक्षा तो सरस ठरला. हे मी मोकळेपणाने मानते. पण एका बिंदूचं पटलं म्हणून ३६१ बिंदूंचा नकाशा खरा ठरत नाही. मेहनतीचं म्हणाल, तर युरोपात शतकानुशतकं मन लावून रोग्यांचं रक्त काढत होते. मेहनत खरी होती, माणसं मरत होती.

वारणाकाठ
मला आकड्यांतलं फार कळत नाही. माझ्या वडिलांचं सांगतो. मधुमेह, १४ वर्षं गोळ्या. कुणाच्या तरी सांगण्यावरून एका सुईवाल्याकडे जाऊ लागले. तो म्हणाला, "आम्ही मुळावर घाव घालतो, गोळ्या म्हणजे नुसता वरवरचा मुलामा." वडिलांनी गोळ्या सोडल्या आणि आम्हाला सांगितलं नाही. पायाला चपलेचा चट्टा पडला, तो चिघळला. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. अजून सणावारी ते मोजे काढत नाहीत.

त्यामुळे 'आधी इथं, गोळ्या नंतर' हे वाक्य वाचलं आणि हात थरथरला. ताई, तुम्ही गुडघ्याबद्दल लिहिलंत. वाचणारा साखरेबद्दल वाचेल.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हेही ऐकून थकलोय. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतीच्या गोळ्या घेतलेल्या कित्येक बायकांची मूत्रपिंडं गेली. एका मुळीच्या जागी सारख्याच नावाची दुसरी मुळी आली होती आणि तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. सुई छातीत खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडतं, तेही झालेलं आहे.

सोलापूरकर
वारणाकाठ, वाचून पोटात कालवलं. बाबांना जपा.

एक गोष्ट आमच्या गावाची म्हणून सांगतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनहून सुया शिकून आले, असं लोक बिनधास्त पाठवत असतात. कोटणीस आलेच नाहीत हो. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेले, त्यांतले कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले. ते शल्यचिकित्सक होते. सुया भारतात आणल्या त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, शिकले आणि कोलकात्यात वापरू लागले. मला यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की बसूंनी सुई हातात घेताना स्टेथोस्कोप खाली ठेवला नाही. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याचं त्यांच्याशी काही नातं नाही.

निशिगंध
वारणाकाठ, ते वाक्य मी मागे घेते. आईला उतार पडला त्या आनंदात लिहून गेले. साखर, रक्तदाब, हृदय यांच्या गोळ्या सुयांसाठी कुणीही थांबवू नयेत.

पण बाकीचं सोडत नाही. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा केला, त्याखाली नोंदणी आहे. केंद्राने २०१९ साली मान्यता दिली. तुमच्या वडिलांना फसवणाऱ्याला पकडायचं तर या विद्येला दारात उभं करून चालणार नाही, आत घेऊन जाब विचारावा लागेल. मीही आमच्या बाईंना नोंदणी क्रमांक विचारला. त्यांनी रागावण्याऐवजी भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून हातात दिलं.

आणि भूलवाली, जागेने फरक पडत नसेल, पण सुई टोचून, विचारपूस करून माणूस चालू लागत असेल, तर ती विचारपूस तुमच्या दवाखान्यात का मिळत नाही?

भूलवाली
कारण बाहेर बाकावर साठ जण बसलेले असतात. हे समर्थन नाही, हे आमचं अपयशच आहे. पण त्याचा उपाय डॉक्टर वाढवणं हा आहे, 'ची' मानणं हा नाही. आईंना खुर्चीत बसवून पाय सरळ ताणून धरायला सांगा, दहा आकडे मोजायचे आणि खाली. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. सुया चालू ठेवल्यात तरी हे सोडू नका.

निशिगंध
कालपासून चालू केलं. आई मोठ्याने आकडे मोजते, सातच्या पुढे पाय थरथरतो. पुतण्या आला होता, त्याला ती जर्मन चाचणी वाचून दाखवली. तो म्हणाला, "बघ काकू, सत्तेचाळीस आणि चव्वेचाळीस." मी म्हटलं, "आणि सत्तावीस?" अजून त्याचं उत्तर यायचंय.