घरीच सर्व्हर ठेवायचा विचार आहे, कोकणात टिकेल का? सल्ला हवा

सुरुबन
नमस्कार मंडळी, घर गुहागरला, काम घरूनच. गूगलचे फुकटचे १५ जीबी कधीच संपले, २०२१ च्या जूनपासून फोटोही त्यातच मोजायला लागले तेव्हापासून पैसे भरतोय आणि दरवर्षी मोठा प्लॅन घ्यावा लागतोय. आता जुना लॅपटॉपच सर्व्हर म्हणून कायम चालू ठेवून त्यावर फोटोंसाठी इमिच, सातबारा-घरपट्टीच्या कागदांसाठी नेक्स्टक्लाउड आणि पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन अशी सॉफ्टवेअरं टाकायचं डोक्यात आहे. ती ज्यात चालवतात ते डॉकर वगैरे जमतं, ती भीती नाही. शंका वेगळीच, मे संपता संपता इथे लाईटचा खेळ सुरू होतो, हवा खारी, आणि मी पुण्याला गेलो की घरी फक्त आई-बाबा. कोणी खरंच चालवतंय का इकडे?

रातांबा
चालवतोय, दापोलीजवळ. लॅपटॉप घेताय ते बरं, रास्पबेरी पाय या एसडी कार्डावर चालणाऱ्या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या मागे लागू नका, लाईट पटकन गेली की एसडी कार्ड खराब व्हायची भीती, लॅपटॉपला निदान स्वतःची बॅटरी असते. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवा, नाहीतर कायम प्लगला राहून बॅटरी फुगते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. बाहेरून सर्व्हर गाठायला राउटरमध्ये वाट उघडणं, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, विसरा, लोकल फायबरवाले बहुतेक सीजीनॅटच्या मागे ठेवतात, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच इंटरनेट पत्ता, स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, त्यापेक्षा आपली उपकरणं खाजगी नेटवर्कने जोडणारं टेलस्केल टाका, आईच्या फोनवर पण. मात्र ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या तालुक्यात आणि मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तिथे कसला यूपीएस पुरतोय.

घाटावरचा
पैसे वाचतील म्हणून करत असाल तर नका करू. विजेचं काही नाही हो, १५ वॅट धरले तरी महिन्याला ११ युनिट, जातो तो तुमचा रविवार. नेक्स्टक्लाउडला व्हर्जन २८ वरून थेट ३० वर उडी मारता येत नाही, मध्ये २९ घ्यावंच लागतं, आणि एका व्हर्जनला अपडेट मिळतात जेमतेम वर्षभर, म्हणजे दुर्लक्ष केलं की पायऱ्या साठत जातात. चार पीडीएफसाठी एवढं कशाला? आणि पासवर्ड तर घरी अजिबात नको.

रातांबा
पासवर्डचं एवढं पण नाही, सर्व्हर झोपला तरी फोनमधल्या ॲपमध्ये आधीची प्रत उघडते, फक्त नवीन काही सेव्ह होत नाही.

घाटावरचा
लॉगआउट झालेलं नसेल तर. आणि फोनच हरवला तर? नेमका तेव्हाच सर्व्हर बंद असणार बघा.

काजूगर
मी चिपळूणची, त्यामुळे माझा प्रश्न एकच, दुसरी प्रत कुठल्या गावाला ठेवणार? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा सर्व्हर आणि बॅकअप एकाच खोलीत असणाऱ्याचं दोन्ही गेलं असतं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर हा नियम जुना आहे पण इकडे तर पाळाच, ठाण्या-मुंबईला कोणी असेलच की. आणि इमिचचा नुसता फोटोंचा फोल्डर कॉपी करून भागत नाही, अल्बम आणि चेहऱ्यांची नावं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असतात, त्याचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, पण सोबत ठेवावा लागतो आणि तो परत चढतो का हे दुसऱ्या मशीनवर करून बघायचं. इथे निम्मे लोक आळस करतात.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. तुम्हाला काही झालं तर आई-बाबांनी काय करायचं? डॉकर त्यांना कोण शिकवणार? इमिचमधलं स्टोरेज टेम्पलेट हे सेटिंग चालू करून फोटो वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये पडतील असं करा, आणि बाहेरची डिस्क विंडोजलाही वाचता येणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटमध्ये ठेवा, लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटची डिस्क विंडोजला लावली की तो फॉरमॅट करू का विचारतो आणि कोणीतरी ‘हो’ दाबतंच. शेजारच्या पोराने त्याच्या कॉम्प्युटरला डिस्क लावली की फोटो दिसले पाहिजेत. तेवढं होत असेल तर खुशाल ठेवा सर्व्हर.

सुरुबन
ताई, हे डोक्यातच नव्हतं. मग असं करतो, नेक्स्टक्लाउड रद्द, पासवर्ड आहेत तिथेच राहू देत, इमिच एकटंच टाकतो आणि डंप परत चढवून बघेपर्यंत गूगलचा प्लॅन बंद करत नाही. बाहेरची डिस्क ठाण्याला काकाकडे, गणपतीला येतो तेव्हा बदलून नेईल. खाऱ्या हवेचं कोणी बोललं नाही पण?

देवगडी
ता माका इचारा, घर किनाऱ्यारच आसा. चालू लॅपटॉप गरम असतो, त्याला ओल तेवढी लागत नाही, फक्त समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका आणि पंख्याची धूळ काढत राहा. वाट लागते ती बंद ठेवलेल्या डिस्कची, कनेक्टर हिरवे पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, रंग बदलणाऱ्या घ्या म्हणजे कधी बदलायच्या ते कळतं.